मोल्सवर्थ: कोशाच्या पाठीवरचं आडनाव आलं कुठून?

प्रश्न एका भाषांतरकार ताईंचा आहे. कामासाठी त्यांना रोज मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा लागतो, पण ते आडनाव कोशाच्या पाठीवर सोडून दुसरीकडे कुठेच भेटत नाही. ते आलं कुठून, त्याचा अर्थ काय, आज या आडनावाचे लोक आहेत का, कुठे आहेत, आणि ते सगळे एकाच घराण्यातले समजायचे का, असं त्या विचारतात.

मी गेली २२ वर्षं इंग्लंडमध्ये चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचून लोकांच्या वंशावळी लावून देतो. विरळ आडनावं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग, आणि हे आडनाव तर घरातलंच वाटतं. माझ्या वडिलांच्या टेबलावर पुण्याहून १९७५ साली निघालेलं या कोशाचं पुनर्मुद्रण असायचं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी गाव. मोल्सवर्थ नावाचं एक छोटं खेडं आहे. हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला साधारण १६ किलोमीटरवर, थ्रॅपस्टनकडे जाताना लागतं. पूर्वी ते हंटिंग्डनशायर परगण्यात होतं, १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये धरतात. आजच्या इंग्रज माणसाला हे नाव ठाऊक असतं ते गावाशेजारच्या विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकी बॉम्बफेकी विमानं उडायची, आणि १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरल्यावर शांततावाद्यांनी कुंपणाबाहेर तळ ठोकला होता.

पण गाव त्याहून कितीतरी जुनं. विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या राज्याची जी पाहणी करवली, त्या डूम्सडे बुकात ते ‘मोल्सवर्दे’ असं लिहिलेलं आहे. याचे दोन तुकडे पडतात. मागचा ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेलं आवार, एखाद्या कुटुंबाची वस्ती. आपल्या मनात वाडीचं जे चित्र येतं, त्याच्या जवळचं काहीतरी. टॅमवर्थ, केनिलवर्थ, वाँड्सवर्थ ही गावं याच शेपटाची. पुढचा तुकडा म्हणजे ‘मूल’ नावाचा माणूस. मूलची वाडी ती मोल्सवर्थ.

‘मूल’ हे माणसाचं नाव होतं याचा इतिहासात पुरावा आहे. वेसेक्सचा राजा कॅडवल्ला याच्या भावाचं नाव मूल. तो केंटचा राजा झाला आणि ६८७ साली तिथल्या लोकांनी त्याला जिवंत जाळलं. आपल्या गावाचा मूल तो हा नव्हे, पण असं नाव लोक ठेवत होते एवढं त्यावरून कळतं. शब्दाचा मूळ अर्थ खेचर. म्हणजे बहुधा दोन वेगळ्या लोकांच्या पोटी जन्मलेल्याला पडलेलं टोपणनाव असावं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो मला दर दोन-तीन महिन्यांनी ऐकावा लागतो. जमिनीत बिळं करणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याशी या नावाचा काही संबंध नाही. त्या प्राण्यासाठी ‘मोल’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. गावाचं नाव त्याआधी तीनशे वर्षं सरकारी दप्तरात लागलेलं होतं. आडनावाचा अर्थ लावताना आजचा शब्दकोश न उघडता सगळ्यात जुनी लेखी नोंद गाठायची, हा या कामातला पहिला नियम.

आता गावाचं आडनाव कसं होतं ते पाहू. मराठी माणसाला हे समजावायला मला कधीच त्रास होत नाही. चिपळूणमध्ये राहणाऱ्याला चिपळूणमध्ये कोणी चिपळूणकर म्हणत नाही; तो पुण्यात आला की चिपळूणकर होतो. इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं. नॉर्मन विजयानंतरच्या, म्हणजे याच विल्यमने इंग्लंड जिंकलं त्यानंतरच्या, दोन-तीन शतकांत जमीनदारांपासून सुरुवात होऊन आडनावं वंशपरंपरेने चालू लागली, आणि १४०० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना ती चिकटलेली होती. ‘डी मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा, ही ओळख गाव सोडलेल्याला किंवा गावाची जमीन ज्याच्या नावावर होती त्यालाच मिळाली. घराण्यांच्या छापील वंशावळी मूळपुरुष म्हणून एडवर्ड पहिल्याच्या काळातल्या सर वॉल्टर डी मोल्सवर्थचं नाव देतात. तो बेडफर्ड आणि बकिंगहॅम परगण्यांचा शेरीफ होता. अशा छापील वंशावळी मी सुरुवातीचा धागा म्हणून वापरतो, पुरावा म्हणून नाही. एकोणिसाव्या शतकात अशा पुस्तकांसाठी माहिती त्या त्या घराण्यांकडूनच यायची, आणि आपल्या पणजोबाला थोर करून सांगायचा मोह कोणालाही होतो.

दुसरी अडचण चेशायरमध्ये आहे. तिथे मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळंच गाव आहे. बाराव्या शतकात ते ‘मोल्डेवर्थ’ असं लिहिलेलं सापडतं आणि अर्थ ‘टेकडीपाशी असलेलं आवार’ असा लावतात. म्हणजे मूलचा तिथे काही संबंध नाही. पण लिहिताना मधला ‘ड’ गळला की दोन्ही आडनावं एक होतात. आणि तो गळायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वहीत एकाच आईबापाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे लागले होते. पहिल्याच्या नोंदीत ‘ड’ आहे, दोन वर्षांनंतरच्या दुसऱ्यात नाही, तिसऱ्याला पुन्हा आहे. हस्ताक्षर एकच, शाई तेवढी वेगळी. लिहिणाऱ्या पाद्र्याला यात काही गैर वाटलं नसणार, कारण तो कानाला ऐकू आलं ते लिहीत होता. उत्तर-पश्चिम इंग्लंडमधला जुना मोल्सवर्थ दिसला की मी म्हणूनच आधी चेशायरकडे बघतो.

स्पेलिंगचा आणखी एक सुंदर दाखला सांगतो. १६३२ साली एका विधवा बाईने स्वतःच्या आयुष्यावर पद्यात आत्मचरित्र लिहिलं. वयाच्या प्रत्येक वर्षाला दोन ओळी, अशा ५५ वर्षांच्या ११० ओळी. इंग्रजीत बाईने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांत ते धरतात. तिचं नाव मार्था मोल्सवर्थ, पण त्या हस्तलिखितामुळे अभ्यासक ते मधे ‘यू’ घालून ‘मौल्सवर्थ’सारखं लिहितात. हे आडनाव तिच्या तिसऱ्या नवऱ्याचं. माहेरची ती डॉर्सेट. विरळ आडनाव शोधताना हेही लक्षात ठेवा: ते नाव ज्यांनी प्रसिद्ध केलं त्यांतल्या काही जणी लग्नाने त्या घरात आलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकात ‘मिसेस मोल्सवर्थ’ म्हणून घराघरांत वाचल्या गेलेल्या बालकथालेखिकाही माहेरच्या स्ट्यूअर्ट.

मग हे आडनाव एवढं विरळ का? मूळ गाव छोटं, तिथून आडनाव घेऊन निघालेली घरं मूठभर. त्यात १३४८-४९ ची प्लेगची साथ. तिने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली, आणि ती आली तेव्हा आडनावं नुकती रुजत होती. एखाद्या घरातले सगळे मुलगे गेले की ते आडनाव तिथेच संपलं. पण साथ आली नसती तरीही बरीचशी आडनावं विझलीच असती, आणि याचं गणित आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ साली हा प्रश्न जाहीर मांडला आणि हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाबरोबर त्यावर १८७४ साली निबंध लिहिला. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं. कोणाला तीन मुलगे, कोणाला एक, कोणाला सगळ्या मुली. वीसेक पिढ्या हा फासा पडत राहिला की बहुतेक मूळपुरुषांचं नाव शून्यावर येतं आणि थोड्यांचं भरमसाट वाढतं. त्यात कर्तृत्वाचा, पैशाचा भाग कमीच. म्हणून विरळ आडनाव टिकलेलं दिसलं, की कुठल्या शाखेला मुलगे झाले ते मी आधी शोधतो.

मोल्सवर्थांच्या बाबतीत त्याचं उत्तर कॉर्नवॉलमध्ये मिळतं, मूळ गावापासून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. एलिझाबेथ पहिलीच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा माणूस डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीतल्या जमिनींचा हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे त्याच्या घराण्याने बस्तान बसवलं. नोकरीने आडनाव उचलून तीनशे-चारशे किलोमीटर लांब नेऊन लावलं, एवढीच गोष्ट. पण ते तिथे असं फोफावलं की आज वेडब्रिजमधला मुख्य रस्ताही मोल्सवर्थ रस्ता आहे.

याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ जमैकात गेला, रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या झाला, पुढे त्या बेटाचा कारभारी गव्हर्नर झाला आणि १६८९ साली त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. ही कंपनी गुलामांचा व्यापार करायची, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. कॅरिबियन बेटांवर गुलाम केलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पुष्कळदा मळेवाल्यांची, अधिकाऱ्यांची आडनावं लागली. तिथल्या नोंदींत एखादं विरळ इंग्रजी आडनाव दिसलं तर त्यामागे रक्ताचं नातं असेल, मालकीची जुलमी खूण असेल किंवा दोन्ही असेल. अशा वेळी वंशावळीची नेहमीची रेघ मी ओढत नाही. आधी त्या मळ्याचे कागद वाचतो.

हेंडरचा एक भाऊ डब्लिनमध्ये व्यापारी होता. त्याचा मुलगा रॉबर्ट, जन्म १६५६, डेन्मार्कला इंग्लंडचा राजदूत म्हणून गेला आणि १७१६ साली आयर्लंडच्या सरदारांमध्ये व्हायकाउंट झाला. त्याच्या मुलाने, रिचर्डने, १७०६ साली रॅमिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरोला स्वतःचा घोडा देऊन वाचवलं. डब्लिनमधला मोल्सवर्थ रस्ता या आयरिश शाखेचा. म्हणजे आयर्लंडमधलं हे नाव कॉर्नवॉलमार्गे आलेलं इंग्रजीच. ते गेलिक असल्याचं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आता गणतीकडे येतो. यासाठी माझा मुख्य आधार १८८१ ची जनगणना. तिची प्रत्येक ओळ स्वयंसेवकांनी हाताने उतरवली, त्यामुळे आडनाव घालून परगणावार नकाशा काढता येतो. त्याआधीचा आधार म्हणजे १ जुलै १८३७ पासूनची जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी, आणि तिच्याही मागे १५३८ पासूनच्या चर्चच्या वह्या. विरळ आडनावाचा नकाशा दिसतो फार देखणा. सगळा देश पांढरा आणि दोन-चार परगणे रंगलेले. नवशिके तिथेच फसतात.

कसे, ते याच आडनावाच्या उदाहरणाने सांगतो. पूर्वी लँकेशायरमध्ये असलेल्या रॉचडेल शहरात मोल्सवर्थ रस्ता आहे, स्थानिक इतिहासात हे नाव पुन्हा पुन्हा येतं. नकाशा बघणारा म्हणेल, चेशायरचं मोल्ड्सवर्थ शेजारीच, हे तिथलेच मूळचे लोक. पण रॉचडेलमधल्या ज्या मोल्सवर्थांची नावं इतिहासात येतात, ते तिथे आले एका नेमणुकीमुळे. रेव्हरंड जॉन एडवर्ड नॅसाउ मोल्सवर्थ १८३९ साली तिथले मुख्य पाद्री झाले आणि १८७७ पर्यंत राहिले. ते आयरिश व्हायकाउंट घराण्यातले. त्यांचा एक मुलगा विल्यम इतिहासकार झाला. दुसरा मुलगा गिलफर्ड, जन्म १८२८, इंजिनिअर झाला. आधी सिलोनच्या रेल्वेवर, मग भारत सरकारचा रेल्वेसाठी सल्लागार अभियंता. इंजिनिअरिंगच्या सूत्रांची त्याची खिशातली वही कितीतरी पिढ्यांच्या इंजिनिअरांनी वापरली. आपल्याकडे कधी कधी कोशवाला मोल्सवर्थ आणि रेल्वेवाला मोल्सवर्थ एकच समजले जातात. माणसं दोन, पिढ्याही वेगळ्या. मुद्दा असा, की पाद्री, सैनिक, अबकारी अधिकारी यांचं घर नकाशावर जिथे दिसतं तिथे ते बदलीने आलेलं असतं. म्हणून मी नकाशावरच्या प्रत्येक घराचा धंदा आणि जनगणनेतला ‘जन्म कुठे’ हा रकाना वाचल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवत नाही.

रस्त्यांच्या नावांबद्दलही हेच. न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ रस्त्यावर आहे. तो रस्ता पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थच्या नावाचा, आणि त्याचा संबंध न्यूझीलंड वसवणाऱ्या कंपनीशी होता. तो १८५५ साली काही महिने वसाहतींचा मंत्री होता आणि त्याच वर्षी, मूल नसताना, वारला. त्याच देशात मोल्सवर्थ नावाचं सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरचं पशुपालन क्षेत्र आहे, देशातलं सगळ्यात मोठं. नकाशावर नाव एवढं मोठं, म्हणून तिथे या आडनावाची वस्ती मोठी असं होत नाही. माणसं खरोखर गेली त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे: डब्लिनचे सर रॉबर्ट मोल्सवर्थ व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

मोजताना आणखी दोन गोष्टी हातातून निसटतात. एक म्हणजे जोडनावं. पेनकॅरो घराण्याची एक शाखा एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या घराण्याची इस्टेट मिळाल्यावर ‘मोल्सवर्थ-सेंट ऑबिन’ झाली. काही याद्यांत ही माणसं ‘स’ अक्षराखाली सापडतात. दुसरं म्हणजे वाचनातल्या चुका. जुन्या हस्ताक्षरात ‘ल’चं इंग्रजी अक्षर आडव्या रेघेने कापलं गेलं की सूचीत ‘मोट्सवर्थ’ असं नाव तयार होतं. असं आडनाव असलेला माणूस जगात नसतो, पण सूचीत असतो. दहा-वीस चुका लाखोंच्या स्मिथ मंडळींत हरवून जातील. विरळ आडनावाची मात्र तेवढ्याने सगळी संख्या हलते.

सगळे एकाच घराण्यातले का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. इथे डीएनएची मदत होते. पुरुषांमधलं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी यावर नेटकं काम केलं आहे. २००६ साली त्यांनी एकाच आडनावाच्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. सरासरी २४ टक्के जोड्यांत अलीकडचा समान पूर्वज दिसला, पण विरळ आडनावांपुरतं पाहिलं तर प्रमाण निम्म्याच्या जवळ गेलं. २००९ साली त्यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले आणि तेच चित्र आणखी स्पष्ट झालं. स्मिथसारख्या नावात काही मेळ नाही, आणि ॲटनबरोसारख्या गावावरून आलेल्या विरळ नावात बहुतेक पुरुष एकाच गटात.

पण ‘बहुतेक’ म्हणजे सगळे नाहीत. दत्तक मुलं, आईचं आडनाव लावलेली मुलं, इस्टेटीसाठी बदललेली नावं, लग्नाबाहेरचं पितृत्व. ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावावर २००० साली केलेल्या अभ्यासात असा खंड पिढीमागे १.३ टक्के निघाला. आकडा किरकोळ वाटतो, पण २० पिढ्या गुणत गेलात तर साखळी अखंड राहायची शक्यता सुमारे ७७ टक्क्यांवर येते. चारांत एकाची साखळी कुठेतरी तुटलेली. मला यात कोणाची बदनामी दिसत नाही. मुलाला कोणीतरी वाढवलं आणि आपलं नाव दिलं, हीसुद्धा वंशावळच आहे.

म्हणून माझं उत्तर असं: हंटिंग्डनशायरचे मोल्सवर्थ बहुतांशी एका मुळाचे धरायला हरकत नाही, चेशायरचे वेगळे, आणि एखादा विशिष्ट माणूस कुठल्या फांदीचा हे मात्र त्याच्यापासून एकेक पायरी मागे जाऊनच ठरतं. वरून, म्हणजे सरदार घराण्याकडून खाली यायला लागलात की हवी ती फांदी जोडली जाते.

आता आपले जेम्स टॉमस मोल्सवर्थ. जन्म १७९५, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी, जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या मदतीने १८३१ साली कोशाची पहिली आवृत्ती, १८५७ साली वाढवलेली दुसरी, आणि पुढे इंग्लंडमध्ये मृत्यू. बाबा पदमनजींनी १८६३ साली त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली. त्यांची फांदी स्वतः तपासायची असेल तर वंशावळीच्या वेबसाइटवर नाव टाकून पहिलं झाड उचलू नका. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. त्यात कंपनीच्या फौजेत भरती होणाऱ्या मुलांचे कागद १७८९ पासून लावलेले आहेत, ‘एल/एमआयएल/९’ या क्रमांकाखाली. वय सिद्ध करायला मुलाला आपल्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, आणि त्यावर आईबापांची नावं, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि तारीख असते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदी त्याच दप्तरात ‘एन/३’ खाली मिळतात. दाखल्यावरचं पॅरिशचं नाव उतरवून घ्या, त्या परगण्याच्या अभिलेखागारात जाऊन मूळ वही मागवा, आणि बापाच्या नावाची ओळ सापडली की त्याच वहीत मागे त्याच्या लग्नाची ओळ शोधा. वही वाचताना आडनावाची निदान पाच स्पेलिंगं कागदावर लिहून समोर ठेवा, मधे ‘ड’ असलेलं त्यात असू द्या.